शिंकेसरशी सुटणारी लघवी आणि गोळीची मर्यादा

केसपेपरवर डॉक्टर ‘स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स’ असे लिहितात. घरातले शिकलेले कोणी तो कागद वाचते आणि सांगते, ‘‘आई, तुला हे टेन्शनमुळे होतंय.’’ मग ती बाई मनातल्या मनात हिशेब मांडू लागते. मुलाची सुटलेली नोकरी, पतपेढीचे थकलेले हप्ते, जावेशी झालेली बोलाचाली. लघवीच्या गळतीचे खापर यांपैकी कशावर तरी फुटते. प्रत्यक्षात या आजाराच्या नावातल्या ‘स्ट्रेस’चा मनावरच्या ताणाशी काही संबंध नाही. खोकला, शिंक, खळखळून हसणे, पाण्याचा हंडा उचलणे, एसटीच्या पायरीवरून खाली उडी टाकणे, या साऱ्यांत पोटातला दाब एकाएकी वाढतो आणि त्या दाबापुढे चार थेंब लघवी निसटते. एवढाच त्याचा अर्थ. मराठीत याला पहिल्यापासून ‘दाबगळती’ म्हटले असते तर निम्मा घोळ टळला असता.

उरलेला निम्मा घोळ औषधाच्या चिठ्ठीवर होतो. हल्ली लघवी गळते अशी तक्रार सांगितली की मिराबेग्रॉन, सोलिफेनासिन किंवा टोल्टेरोडिन यांपैकी एखादी गोळी हाती पडते. ‘गळती’ हा एकच शब्द ऐकला जातो; ती कधी आणि कशाने होते, हे विचारायला गर्दीच्या ओपीडीत वेळ नसतो. शिवाय तसे विचारले तरी बाई सगळे सांगेलच असे नाही, विशेषतः पडद्यापलीकडे आणखी दहा जणी उभ्या असताना. महिनाभर गोळी घेऊनही शिंकेबरोबरची गळती जिथल्या तिथे राहते. तोंड मात्र कोरडे पडते, शौचाला खडा होतो, कुंथावे लागते आणि कुंथण्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणखी सैल पडतात. ‘यावर इलाज नाही’ असा निष्कर्ष काढून ती परत जाते आणि पुढची दहा वर्षे साडीच्या आत जुन्या कापडाच्या घड्या ठेवून काढते. गोळी निकामी नव्हती. ती दुसऱ्या आजाराची होती.

हे नीट कळायला जुन्या काळातली भिश्त्याची पखाल डोळ्यांसमोर आणावी. पखालीतून पाणी सांडण्याचे दोन मार्ग. एक, कोणी तरी कातडी पिशवीच आवळली. दुसरा, पिशवी स्वस्थ आहे, पण तिच्या तोंडाची दोरी ढिली आहे आणि वरून दाब आला. मूत्राशयाचे तसेच. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. तिच्या भिंतीतल्या स्नायूला डिट्रुसर म्हणतात. तिचे तोंड म्हणजे मूत्राशयाची मान आणि तिच्याखालचा मूत्रमार्ग. स्त्रियांमध्ये हा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे तोंड घट्ट राहण्यावरच सगळी भिस्त. ते घट्ट ठेवायला आतून अनैच्छिक स्नायूंचा थर, त्याच्याभोवती आपल्या इच्छेने आवळता येणारा वर्तुळाकार स्नायू आणि खालून झोळीसारखा आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असा तिहेरी बंदोबस्त असतो.

पिशवी आणि तिचे तोंड यांना वेगवेगळे हुकूम मिळतात, आणि ते स्वीकारणारी प्रथिने, म्हणजे रिसेप्टर, सुद्धा वेगवेगळी आहेत. पिशवीच्या भिंतीवर मस्करिनिक जातीचे रिसेप्टर असतात. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटले आणि या रिसेप्टरवर जाऊन बसले की डिट्रुसर आकसतो आणि लघवी होते. यात एम-दोन जातीचे रिसेप्टर संख्येने जास्त, पण आकुंचनाचे खरे काम करतात ते एम-तीन. त्याच भिंतीवर बीटा-तीन जातीचे रिसेप्टर आहेत. त्यांचे काम उलटे: लघवी साठत असताना स्नायूला सैल ठेवणे. सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन ही औषधे मस्करिनिक रिसेप्टर अडवून ठेवतात, तर मिराबेग्रॉन आणि त्याच्या मागून आलेले वायबेग्रॉन बीटा-तीनला चेतवतात. रस्ते दोन असले तरी परिणाम एकच: पिशवी शांत राहते.

म्हणजे या सगळ्या गोळ्या पिशवी अवेळी आवळली जाते त्या आजाराच्या. त्याला ‘घाईची गळती’ म्हणता येईल. इथे बाई सांगते ते वेगळे असते. ‘‘लागली की धीरच धरवत नाही. दाराचं कुलूप काढेपर्यंत निम्मी वाटेतच.’’ नळाचा आवाज ऐकला तरी कळ येते, रात्री तीन-चारदा उठावे लागते. दाबगळतीत अशी कळ येत नाही. झोपेत ती सहसा होत नाही. खोकला थांबला की तीही थांबते. खोकल्याच्या क्षणी पिशवी आवळली गेलेलीच नसते, मग तिला सैल करणाऱ्या गोळीने तोंडाची ढिली दोरी कशी घट्ट होणार?

अर्थात पुष्कळ स्त्रियांना दोन्ही प्रकार थोडे थोडे असतात. अशा मिश्र गळतीत वरच्या गोळ्यांनी घाईचा भाग कमी होतो, हे खरे, आणि तेवढ्यापुरते त्या देणे योग्यच. मात्र त्या फुकट मिळत नाहीत. मस्करिनिक रिसेप्टर लाळग्रंथींत, आतड्यांत, डोळ्यांत आणि मेंदूतही असतात. ही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळल्याचे इंग्लंडमधल्या मोठ्या नोंदींच्या २०१९च्या अभ्यासाने दाखवले. गोळीमुळेच स्मृतिभ्रंश झाला असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण सत्तरीच्या बाईला वर्षानुवर्षे ती चालू ठेवताना हात आखडावा, इतके ते पुरेसे आहे. मिराबेग्रॉनने तोंड फारसे कोरडे पडत नाही, म्हणून त्याचा खप वाढला. परंतु रक्तदाब १८०/११० किंवा त्यापुढे असेल तर ते देऊ नये असा इशारा आहे, आणि आपल्याकडे कित्येकींचा रक्तदाब लघवीच्या तक्रारीसाठी आल्यावर पहिल्यांदा मोजला जातो.

मग दोरी घट्ट करणारे औषध आहे का? विचार तर्काला धरून होता आणि फार पूर्वीच सुचलेला होता. मूत्राशयाच्या मानेवर व मूत्रमार्गाच्या अनैच्छिक स्नायूवर अल्फा-एक जातीचे रिसेप्टर असतात. त्यांना चेतवले की तोंड आवळते. सर्दीच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्क पुरुषांची लघवी अडते, ती याच रिसेप्टरमुळे. एफेड्रिन आणि फिनाइलप्रोपॅनोलामिन ही चोंदलेले नाक मोकळे करणारी औषधे म्हणून दाबगळतीसाठी वापरून पाहिली गेली. थोडा गुणही आला. अडचण अशी की अल्फा-एक रिसेप्टर मूत्रमार्गाची मक्तेदारी नव्हे. शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही ते आहेत. तोंड आवळताना रक्तवाहिन्याही आवळतात आणि रक्तदाब चढतो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या अभ्यासात फिनाइलप्रोपॅनोलामिन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मेंदूतील रक्तस्रावाचा धोका वाढलेला दिसला आणि २०००च्या नोव्हेंबरात तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ते बाजारातून काढून घ्यायला सांगितले. गंमत म्हणजे त्याच एफडीएने २०११मध्ये त्याच औषधाला गळतीवरचा उपाय म्हणून मान्यता दिली, पण कुत्र्यांसाठी. नसबंदी केलेल्या कुत्रींना होणारी गळती त्याने आजही थांबवली जाते.

रक्तवाहिन्यांना धक्का न लावता तोंड आवळायचे, तर मूत्रमार्गावर काम न करता थेट हुकूम जिथून सुटतो तिथे जावे लागेल. ती जागा पाठीच्या कण्यात, माकडहाडाच्या वरच्या भागातून जिथल्या नसा निघतात त्या मज्जारज्जूच्या शेवटच्या टप्प्यात आहे. ब्रॉनिस्लाव ओनूफ या मज्जातज्ज्ञाने १८९९मध्ये तिथला पेशींचा एक लहानसा पुंजका वर्णिला. तो त्याच्या नावाने ओळखला जातो. मूत्रमार्गाभोवतीच्या ऐच्छिक स्नायूला आणि गुदद्वाराच्या स्नायूला इथून आज्ञा जाते. हा पुंजका विलक्षण चिवट. हातापायांचे स्नायू एकामागून एक लुळे करणाऱ्या मोटर न्यूरॉन आजारात या पेशी बऱ्याच अंशी वाचतात. म्हणूनच बोट हलवता न येणाऱ्या त्या रुग्णाचा लघवीवरचा ताबा सहसा टिकून असतो.

ओनूफच्या पुंजक्यावर सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन या दोन रसायनांच्या रिसेप्टरची दाटी आहे. ही दोन रसायने तिथे जास्त वेळ टिकून राहिली तर आज्ञा अधिक जोरकस जाईल, हा पुढचा विचार. १९९५मध्ये अमेरिकेत मांजरींवर प्रयोग झाले. ड्युलॉक्सेटिन नावाचे औषध दिल्यावर वर्तुळाकार स्नायूची विद्युत हालचाल कित्येक पटींनी वाढली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा जोर लघवी साठत असतानाच राहिला. लघवी करायची वेळ आली की स्नायू नेहमीसारखा सैल पडला. म्हणजे दार बंद राहील, पण अडकून बसणार नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने इतकी देखणी कल्पना क्वचित सापडते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: दाबगळतीवर जे औषध खरोखर काही करते, ते मूत्राशयातल्या रिसेप्टरवर काम करतच नाही. ते काम करते पाठीच्या कण्यात.

ड्युलॉक्सेटिन हे नाव आपल्याकडच्या अनेकांना ओळखीचे असेल. नैराश्यासाठी आणि मधुमेहात तळपायांची आग होते त्यासाठी ते सर्रास दिले जाते. म्हणून ही चिठ्ठी घेऊन बाई औषधांच्या दुकानात गेली की काउंटरवरचा मुलगा सहज बोलून जातो, ‘‘ही डिप्रेशनची गोळी आहे, काकू.’’ केसपेपरवर ‘स्ट्रेस’ आणि दुकानात ‘डिप्रेशन’! डॉक्टरांनी आपल्याला वेडात काढले अशी तिची खात्री पटते आणि गोळ्यांची पट्टी कपाटात पडून राहते.

हे औषध मांजरींवरून माणसांवर आले तेव्हा निकाल वाईट नव्हते. दिवसातून दोनदा ४० मिलिग्रॅम घेणाऱ्या स्त्रियांमध्ये आठवड्यातल्या गळतीच्या वेळा साधारण निम्म्याने घटल्या. पण औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांतही त्या चांगल्याच कमी झाल्या होत्या. गळतीची रोज नोंद ठेवायला लागले, की पाणी कधी प्यावे, खोकण्यापूर्वी पाय कसे जुळवून घ्यावेत हे बाई आपोआप शिकते, आणि त्याचा गुण औषधाच्या खात्यावर जमा होतो. युरोपने २००४च्या ऑगस्टमध्ये मध्यम ते तीव्र दाबगळतीसाठी ड्युलॉक्सेटिनला मान्यता दिली. अमेरिकेत मात्र कंपनीने २००५च्या सुरुवातीला आपला अर्ज मागे घेतला. गळतीसाठी औषध घेणाऱ्या मध्यमवयीन स्त्रियांच्या पुढच्या पाहणीत आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण त्या वयात अपेक्षित असते त्याच्या दुपटीहून अधिक दिसल्याचे एफडीएने नंतर जाहीर केले. नैराश्य नसलेल्या, केवळ शिंकेची गळती घेऊन आलेल्या बायकांबद्दलचे हे निरीक्षण होते. प्रत्यक्ष संख्या लहान होती, तरी आजार जिवावरचा नसताना औषधाचा धोका किती पत्करायचा, हा प्रश्न त्यातून उभा राहतोच. अमेरिकेत दाबगळतीसाठी मान्यता मिळालेली एकही गोळी आजवर नाही.

युरोपातल्या मान्यतेचीही नंतर झाडाझडती झाली. एखाद्या औषधाबद्दल नियतकालिकात छापून येतो तो शोधनिबंध आठ-दहा पानांचा; कंपनीने परवान्यासाठी दिलेले मूळ अहवाल हजारो पानांचे. डेन्मार्कच्या संशोधकांनी युरोपीय औषध संस्थेकडून असे मूळ अहवाल मिळवले आणि चार चाचण्यांतल्या १,९१३ स्त्रियांची माहिती पुन्हा तपासली. कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. नुसत्या गोळीच्या तुलनेत गळती कमी होण्यातला फरक निघाला सुमारे साडेतेरा टक्क्यांचा. उलट बाजूला, दर सात स्त्रियांना हे औषध दिले की एक जास्तीची स्त्री दुष्परिणामांमुळे ते सोडून देत होती. मळमळ, तोंडाला कोरड, झोप उडणे, गळून गेल्यासारखे वाटणे ही मुख्य कारणे. फायद्याहून तोटा मोठा, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे. सगळ्याच तज्ज्ञांना तो मान्य नाही. पण रुग्णांनी आपला कौल आधीच दिला होता. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात हे औषध सुरू केलेल्या २२८ स्त्रियांपैकी वर्षअखेर जेमतेम नऊ टक्के ते घेत होत्या. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवते. २०१९च्या आवृत्तीतही तिची भूमिका अशीच आहे: दाबगळतीचा पहिला उपाय म्हणून ड्युलॉक्सेटिन देऊ नये, शस्त्रक्रिया नको असलेल्या किंवा करता न येणाऱ्या स्त्रीला, दुष्परिणाम समजावून, दुसऱ्या पायरीवर देता येईल.

त्या दुसऱ्या पायरीवर कोणी असेलच, तर तिच्या डॉक्टरांनी दोन-तीन गोष्टी चुकवू नयेत. सुरुवात दोनदा २० मिलिग्रॅमने केली आणि दोन आठवड्यांनी वाढवली तर मळमळ कमी होते. बंद करतानाही एकदम करायचे नाही, टप्प्याटप्प्याने उतरवायचे. यकृताचा आजार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर हे औषध नकोच. आणि लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे घरातल्या डब्यातून काढून घेतली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी यासोबत चालत नाही. तिने ड्युलॉक्सेटिनचा निचरा अडतो आणि रक्तातली त्याची पातळी वाढते. लघवीच्या तक्रारी असलेल्या बाईच्या हाती या दोन गोळ्या एकाच वेळी पडण्याची शक्यता किती, हे सांगायला नको.

जपानची वाट वेगळीच. तिथे क्लेनब्यूटेरॉल हे दम्याचे औषध दाबगळतीसाठी मान्य आहे. बीटा-दोन रिसेप्टरमार्फत ते ऐच्छिक स्नायूचा जोर वाढवते. शरीर कमावण्यासाठी चोरून घेतले जाणारे आणि खेळाडूंना उत्तेजक चाचणीत अडकवणारे हेच ते औषध. हात थरथरणे आणि छातीत धडधडणे हे त्याचे नेहमीचे त्रास असल्याने इतर देशांनी त्याचे अनुकरण केलेले नाही. अलीकडे जपानमध्येच टीएएस-३०३ या फक्त नॉरॲड्रेनलिनवर काम करणाऱ्या नव्या रेणूची दुसऱ्या टप्प्यातली चाचणी झाली. मळमळीला कारण ठरणारे सेरोटोनिन वगळायचे, असा हिशेब. गळती नुसत्या गोळीपेक्षा जास्त घटली; पण नुसती गोळी घेणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ सुधारल्या होत्या, त्यामुळे अंतर मोठे राहिले नाही. ही बातमी ‘गळतीवर रामबाण औषध’ अशा मथळ्याखाली मोबाइलवर फिरू लागली, तर एवढे लक्षात असलेले बरे.

नवी गोळी सुरू करण्याच्या या सगळ्या खटाटोपात एक साधी गोष्ट मागे राहते: चालू असलेली गोळी तपासणे. अल्फा-एक रिसेप्टर चेतवले की तोंड आवळते, तर तेच रिसेप्टर अडवले की तोंड सैल पडणार, हे ओघानेच आले. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी नेमके तेच करते. विशेषतः मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तदाबासाठी आपल्याकडे ती बरीच दिली जाते. इंग्लंडमधल्या १९९६च्या एका पाहणीत अशी औषधे घेणाऱ्या ४९ स्त्रियांपैकी सुमारे ४१ टक्के जणींना गळतीचा त्रास होता. ती न घेणाऱ्या तशाच स्त्रियांत तो १६ टक्के होता. औषध बंद केल्यावर बहुतेकींचा त्रास थांबला किंवा कमी झाला. पाहणी लहान आहे, पण शिकवण पक्की. रक्तदाबाच्याच एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, चिवट खोकला लागतो. दिवसभर खोकणाऱ्या बाईची दाबगळती वाढली नाही तरच नवल. तिच्या गोळीच्या जागी टेल्मिसार्टनसारखी गोळी दिली की खोकला जातो आणि त्याच्याबरोबर निम्मी गळतीही. अट एकच, रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. इथे गळती थांबवणारे ‘औषध’ म्हणजे चिठ्ठीवरची एक ओळ खोडणे, आणि ते कोणत्याही कंपनीचा प्रतिनिधी येऊन सांगत नाही.

पाळी गेल्यावर दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनबद्दलही एक जुना समज आहे. पाळी जाते, मूत्रमार्गाचे अस्तर पातळ होते, म्हणून इस्ट्रोजेनची गोळी द्यावी, असे बरीच वर्षे मानले गेले. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड अभ्यासाने २००५मध्ये त्याला सुरुंग लावला. गळती नसलेल्या ज्या स्त्रियांनी संप्रेरकांच्या गोळ्या घेतल्या, त्यांच्यात वर्षभरात दाबगळती सुरू होण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट निघाले. योनिमार्गात लावायच्या मलमाची गोष्ट निराळी. कोरडेपणा, जळजळ आणि घाई त्याने कमी होऊ शकते.

आता सर्वांत जास्त गुण देणाऱ्या उपायाकडे. अर्नॉल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. लघवी किंवा वायू रोखून धरताना जे स्नायू आत-वर ओढले जातात, तेच. पोट, मांड्या आणि नितंब ढिले ठेवून, श्वास न कोंडता ते आवळायचे, काही सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे. एका बैठकीत किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. २०१८मध्ये कोक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा व्यायाम करणाऱ्या दाबगळतीच्या स्त्रियांपैकी ५६ टक्के जणींनी ‘गळती पूर्ण थांबली’ असे सांगितले. न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. कोणतीही गोळी याच्या जवळपासही फिरकलेली नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचाही हिशेब मांडला गेला आहे. अमेरिकेतल्या एका चाचणीत शरीराचे वजन ८ टक्क्यांनी घटवणाऱ्या स्त्रियांच्या गळतीच्या वेळा ४७ टक्क्यांनी कमी झाल्या. ऐंशी किलोच्या बाईसाठी हे साडेसहा किलोसुद्धा होत नाहीत.

व्यायामाने सगळ्यांचे भागत नाही, हेही सांगायला हवे. नेदरलँड्समध्ये २०१३च्या चाचणीत मध्यम ते तीव्र गळतीच्या स्त्रियांना काहींना व्यायाम, तर काहींना मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया दिली. वर्षाने शस्त्रक्रियेच्या गटातल्या ९१ टक्के, तर व्यायामाच्या गटातल्या ६४ टक्के स्त्रियांनी सुधारणा सांगितली. व्यायाम करणाऱ्या जवळपास निम्म्या स्त्रियांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया मागून घेतली होती. मात्र कृत्रिम जाळीच्या याच पट्ट्यांमुळे काही स्त्रियांना कायमचे दुखणे जडल्यावर इंग्लंडने जुलै २०१८मध्ये त्यांच्यावर स्थगिती आणली. स्वतःच्याच शरीरातल्या पडद्याची पट्टी वापरण्याची जुनी पद्धत त्यामुळे पुन्हा वर आली. शस्त्रक्रिया वाईट नव्हे. तिच्या आधीचे तीन महिने मात्र कोणी चोरू नयेत.

चोरले जातात ते इथेच. व्यायाम सांगितला जातो तो तोंडी, चिठ्ठी फाडता फाडता. बाई घरी जाऊन पोट आवळते, श्वास कोंडते, म्हणजे दाब कमी करण्याऐवजी वाढवते. हा व्यायाम आतून तपासून, बोटाला स्नायूची पकड जाणवते का ते पाहून शिकवावा लागतो. त्यासाठी अर्धा तास, एक बंद दार आणि शिकलेली स्त्री फिजिओथेरपिस्ट लागते. सरकारी रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागात गुडघे, कंबर आणि पक्षाघाताच्या रुग्णांचीच रांग सरत नाही. बाळंतपणानंतरच्या तपासणीला लसीकरणाच्या दिवसाशी जोडून हे शिकवता येईल. त्याला नवे यंत्र लागत नाही.

हाच प्रश्न राज्यातल्या आणखी एका विषयाला चिकटलेला आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण पाहून २०१९मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. त्यानंतर चर्चा झाली ती मुख्यतः अनावश्यक शस्त्रक्रिया आणि त्यातला पैसा यांची. स्वीडनमध्ये देशभरातल्या नोंदींवरून २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पुढे दाबगळतीसाठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त आढळला होता. डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या, फडात आडोसा नसलेल्या बाईसाठी त्याचा अर्थ काय, हे तिच्या आरोग्य तपासणीच्या फॉर्ममध्ये विचारले जायला हवे. तिथे पाळीचा रकाना असतो, तसा ‘खोकताना लघवी सुटते का’ हा एक रकाना वाढवणे अवघड नाही.

ओपीडीत येण्याआधी स्वतः करता येण्याजोगे एक काम आहे. तीन दिवस एका कागदावर लिहायचे: किती वाजता काय आणि किती प्यायले, किती वाजता लघवी झाली, गळती झाली ती खोकताना, ओझे उचलताना की घाईने पळताना. लिहिता येत नसेल तर शाळकरी नातीने काट्या मारल्या तरी चालतात. सोबत सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात, गुडघ्याच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा. लघवीची आणि साखरेची तपासणी, भरलेल्या मूत्राशयाने डॉक्टरांसमोर एकदा खोकून दाखवणे, एवढ्यावर बहुतेक वेळा गळतीचा प्रकार ठरतो. लघवीतून रक्त जात असेल, लघवी तुंबत असेल, गळती अचानक सुरू होऊन पायांत मुंग्या वा अशक्तपणा आला असेल, किंवा बाळंतपणानंतर अथवा शस्त्रक्रियेनंतर लघवी दिवसरात्र सतत झिरपत असेल, तर मात्र कागद भरत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.